कामिनी आणि पाण्याचा मेसेज

कामिनीचं माहेर पहूरचं. लग्न होऊन ती अमळनेर आणि धुळ्याच्या मधल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या गावात आली, तेव्हा पहिले काही महिने सासरची बोली तिच्या कानात नीट शिरत नव्हती. ती ‘मले’ म्हणायची, सासरचे ‘माले’ म्हणायचे. ती ‘नळ आले’ म्हणायची, सासूबाई ‘नय उनात’ म्हणायच्या. पुढे सवय झाली. नवरा प्रेमराज, त्याचं पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देण्याचं दुकान. सासू ताईबाई, तोंडानं फटकळ, पण सुनेनं नोकरी करावी असं घरात पहिल्यांदा म्हणाली ती तीच.

कामिनी बी.कॉम. झालेली होती, टायपिंग येत होतं, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता. नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याच्या खिडकीवर तिला कंत्राटी ऑपरेटर म्हणून घेतलं. दरवर्षी पुढच्या वर्षी कायम करू असं सांगितलं गेलं, आणि दरवर्षी नवा करार तिच्यापुढे सहीला आला. तरी तिला ते काम आवडायचं. नवीन नळजोडणीचे अर्ज, फुटलेली पाइपलाइन, गढूळ पाण्याच्या तक्रारी, सगळं तिच्याच टेबलावरून जायचं. गावातली निम्मी माणसं तिला चेहऱ्यानं ओळखत होती आणि उरलेली आवाजानं.

‘पाणीदूत’ आलं ते गेल्या पावसाळ्यात. पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. कार्यक्रम झाला, हारतुरे झाले, पेढे वाटले. कोणत्या भागात कधी पाणी येणार, हे लोकांना सकाळी मोबाइलवर आपोआप कळणार होतं. सगळ्या गावाचे मोबाइल नंबर भरायचं काम अर्थातच कामिनीकडे आलं. तिनं ते मान मोडेपर्यंत बसून पुरं केलं. मेसेजच्या शेवटी चौकशीसाठी नंबर हवा, असं कंपनीची माणसं म्हणाली. विभागाकडे मोबाइल नव्हता. पाणीपुरवठ्याचे प्रमुख हितेंद्र साहेब म्हणाले, “सध्या तुमचाच देऊन टाका. नंतर बदलता येईल.”

पावसाळ्यात आणि थंडीत सगळं सुरळीत होतं. धरणात पाणी होतं, दर चौथ्या दिवशी नळ येत होते, आणि त्याच सकाळी मेसेज वाजत होता. बाया खुश होत्या. दुकानात प्रेमराजला गिऱ्हाइकं सांगायची, “वहिनीना मेसेज टाइमवर येस बरं का.” त्यालाही बरं वाटायचं.

होळी झाली आणि धरणातलं पाणी झपाट्यानं खाली गेलं. चौथा दिवस सहाव्यावर गेला, मग आठव्यावर. मध्येच वीज जायची, मध्येच पाइप फुटायचा, की आठवाही राहायचा नाही. आज पाणी कुठल्या भागात सोडायचं ते सकाळी टाकीची पातळी बघून ठरायचं आणि व्हॉल्व्हमन पुना लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्या गल्लीकडे जायचा. सॉफ्टवेअरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते पावसाळ्यात सांगितलेलं चक्र इमानेइतबारे फिरवत राहिलं. रोज एकेका भागाला, म्हणजे प्रत्येकाला दर चौथ्या दिवशी मेसेज: ‘आदरणीय नागरिक, आज सकाळी आपल्या भागात पाणीपुरवठा होईल.’ खाली कामिनीचा नंबर.

भाकरी तव्यावर असतानाच तिचा फोन सुरू व्हायचा.

“ताई, नळ कुठं आले? दोन तास झाले बसलोय.”

“आज तुमच्याकडे नाहीत, भाऊ. आज स्टेशन भागात आहेत.”

“मग मेसेज कशाला पाठवला?”

“मी नाही पाठवला. तो आपोआप जातो.”

“आपोआप म्हंजे? खाली नंबर तुमचा आहे ना?”

एक फोन ठेवला की दुसरा. भाकरी करपायची. ताईबाई चुलीशी येऊन तवा उतरवायच्या आणि म्हणायच्या, “तुना मोबाईल खोटं बोलस, नि बोलनं ऐकनं पडस माले. बाजारमा बठ्ठ्या बाया मालेच इचारतस.”

एका दुपारी खिडकीवर गर्दी नव्हती, तेव्हा कामिनीनं पाणीदूत उघडलं आणि आजवर कधी न पाहिलेले कप्पे एकेक करून पाहायला लागली. डावीकडे खाली एक शब्द सापडला: ‘स्वयंचलित कामे’. त्यावर दाबलं तर एकच ओळ आली, ‘झोननिहाय पाणी सूचना’. ओळीच्या टोकाला दोन बटणं. एक ‘पाहा’, एक ‘बदला’.

तिनं ‘पाहा’ दाबलं. सगळी सेटिंग समोर उघडली. काम कधी चालतं, कोणत्या भागापासून सुरू होतं, चक्र किती दिवसांचं, मेसेजचा मजकूर काय. चक्रापुढे ‘४’ असा आकडा. एवढ्या एका आकड्यानं महिनाभर तिचं जेवण नासवलं होतं. तो तिथं असा उघडा, समोर बसलेला होता. तिला वाटलं, हात्तिच्या, एवढंच? तिनं मागे जाऊन ‘बदला’ दाबलं.

काहीच झालं नाही. बटण फिक्या करड्या रंगाचं होतं. त्यावर बाण नेला की बाणाचं छोटंसं लाल वर्तुळ व्हायचं, मध्ये आडवी रेघ. तिनं पुन्हा दाबलं. लॉगआउट केलं, लॉगिन केलं, पुन्हा दाबलं. बघायची परवानगी होती, बदलायची नव्हती. घराला आग लागलेली खिडकीतून दिसावी आणि दाराला बाहेरून कुलूप असावं, तसा तिला संताप आला.

हितेंद्र साहेब वाईट माणूस नव्हते. पण कुठलीही गोष्ट त्यांच्या टेबलावर फार वेळ राहिलेली त्यांना आवडत नसे.

“ते आपल्या हातात नाही, कामिनीताई. कंपनीचं आहे. तुम्ही तिकीट काढा.”

“तिकीट?”

“म्हणजे त्यांच्या साइटवर तक्रार टाका. तिला ते तिकीट म्हणतात.”

घरी तिनं हे सांगितलं, तेव्हा ताईबाईंनी विचारलं, “कोठलं तिकीट? धुयानं का जयगावनं?” प्रेमराज हसला. कामिनीला हसू आलं नाही.

तिनं तक्रार टाकली. लगेच उत्तर आलं: ‘आपली तक्रार आम्हाला मिळाली आहे. आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क करेल.’ कोणी संपर्क केला नाही. काही दिवसांनी दुसरा मेल आला: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?’ खाली पाच चांदण्या. तिनं एक चांदणी दाबली आणि नवी तक्रार टाकली. पुन्हा तेच पहिलं उत्तर. मग तिच्या ध्यानात आलं की पलीकडेही कोणी माणूस नाहीच. उत्तरंसुद्धा आपोआप येतायत. एका आपोआपची तक्रार ती दुसऱ्या आपोआपकडे करत होती.

मग तिनं स्वतःच उपाय काढला. खडूनं फळ्यावर रोज खरं काय ते लिहायला सुरुवात केली, ‘आज पाणी फक्त अमुक भागात. मेसेजवर विसंबू नये.’ फळा खिडकीबाहेर टांगला. दोन दिवसांनी साहेबांनी तो आत आणून ठेवायला सांगितला.

“आपणच आपल्या मेसेजला खोटं म्हणायचं का? उद्या कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकला म्हणजे?”

“पण तो खोटाच आहे ना, साहेब.”

“आहे. म्हणून काय लिहून टांगायचं?”

फळा कपाटामागे गेला.

वैशाखातली गोष्ट. सकाळचे फोन ओसरले होते. खिडकीवर धुरपदाबाई येऊन उभी राहिली. ही टेकडीखालच्या वस्तीत एकटी राहायची, बाजारात मेथी-कोथिंबीर विकायची. ताईबाईंच्या ओळखीतली. भांडायला येणाऱ्या बायांमध्ये ती कधीच नसायची, म्हणून कामिनीनं मान वर करून विचारलं, “काय अक्का, आज इकडे?”

धुरपदाबाईनं खिडकीचा गज धरला. मग म्हणाली, “मनी बहीन गयी.”

तिची धाकटी बहीण वच्छलाबाई यावलला दिलेली होती. आजारी पडली म्हणून जळगावच्या दवाखान्यात आणलं होतं. गेल्या आठवड्यात एके दिवशी सकाळच्या एसटीनं धुरपदाबाई तिला भेटायला निघणार होती.

“पिशवी भरीसन ठेयेल व्हती,” ती सांगत होती. “तेवढामा मेसेज उना, आज पानी येई. घरमा पानीना थेंब नही. मी म्हनं, पानी भरी लेस नि दुपारनी गाडीवर जास. पानी उनंच नही. दुपारले फोन उना, वच्छला गयी म्हने. ती माले इचारत व्हती म्हने, अक्का उनी का.”

मागे रांगेत कोणी नव्हतं, पंखा घरघरत होता.

“मी तुले बोलाले नही उनू, माय,” धुरपदाबाई म्हणाली. तिनं आपला छोटा बटणांचा फोन खिडकीतून आत सरकवला. “मनं नाव काढी टाक त्यामाईन. माले नको तो मेसेज.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. कामिनीनं पाणीदूत उघडलं, नंबर शोधला. नाव समोर आलं. त्यापुढे ‘वगळा’ असं बटण होतं. करडं. त्यावर बाण नेला आणि लाल वर्तुळ आलं. जे नाव तिनं स्वतःच्या हातानं भरलं होतं, ते काढायची सोय तिला नव्हती.

“अक्का, आत्ता नाही निघत,” ती कशीबशी म्हणाली. “पण मी काढीन. मी सांगते ना.”

धुरपदाबाईनं फोन उचलला, कमरेला खोचला, आणि गेली. तिचा विश्वास बसला नव्हता हे पाठमोरी असूनही दिसत होतं.

त्या दिवशी कामिनी साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरली. जे घडलं ते सगळं सांगितलं. साहेब ऐकून म्हणाले, “अरेरे. वाईट झालं.” आणि मग, “पण त्याला आपण काय करणार?”

“तुम्ही एक मेल करा. मला बदलायचा हक्क द्या म्हणून. कंपनीचा माणूस धुळ्याला बसतो. मी उद्या जाऊन त्याला भेटते.”

“उद्या खिडकी?”

“उद्या खिडकी बंद राहील,” कामिनी म्हणाली. आपण असं बोललो याचं तिलाच नवल वाटलं. साहेबांनी मेल केला.

धुळ्याच्या देवपूर भागात एका मोबाइलच्या दुकानावर, जिना चढून गेलं की कंपनीचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि एक माणूस. नवीन त्याचं नाव. यावलकडचा, इंजिनिअर झालेला, डोळे जागरणानं तांबारलेले. कामिनीनं घरून निघताना त्याला काय काय सुनवायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं. वाटेत एसटीत तिनं दोनदा उजळणीही केली होती. पण ती खुर्चीवर बसेपर्यंत त्याचे तीन फोन वाजले, आणि तिन्ही फोनवर कोणी ना कोणी त्याला झापत होतं.

“जिल्ह्यातली सगळी गावं मी एकटा बघतो, ताई,” तो म्हणाला. “तुमची तक्रार मी पाहिलीसुद्धा नाही. माझ्यापर्यंत येतच नाहीत त्या.”

“तुम्ही यावलचे?”

“हो. का?”

तिनं वच्छलाबाईचं सांगितलं. नवीननं वाजणारा फोन उलटा ठेवला. मग त्यानं लॅपटॉप ओढला आणि विचारलं, “तुमचा लॉगिन काय आहे?”

त्यानं पुण्याला फोन केला, कोणाशी तरी हुज्जत घातली, ओटीपी मागवला, तो चुकला, पुन्हा मागवला. चहा आला आणि गार झाला. शेवटी त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. ‘बदला’ हे बटण निळं झालं होतं.

तिनं स्वतः ते दाबलं. चारचा आठ केला. ‘जतन करा’ दाबलं, हिरवी खूण उमटली. मग धुरपदाबाईचं नाव शोधून ‘वगळा’ दाबलं. नाव गेलं. परतीच्या गाडीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली, आणि कित्येक आठवड्यांनी तिनं फोन पर्समध्ये तळाशी टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. “ताई, मेसेज आलाय, पण नळ नाहीत.”

तिला वाटलं, हा कालचा मेसेज बघतोय. मग दुसरा फोन आला. मग तिसरा. ऑफिसात जाऊन तिनं सेटिंग उघडलं. चक्रापुढे चार. तिनं डोळे चोळले. आपण जतन करायला विसरलो की काय? पण नवीनसमोर केलं होतं, हिरवी खूण दोघांनी पाहिली होती. तिनं पुन्हा आठ केला, जतन केलं, मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून ठेवला. त्यानंतरच्या सकाळी पाहिलं, तर पुन्हा चार.

आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवीनला फोन लावला. बंद. संध्याकाळी लावला, तरी बंद. ऑफिसच्या नंबरवर कोणीतरी सांगितलं, “नवीन सरांनी जॉब सोडला. नवे सर आले की कळवू.”

घरी ती भांडी आपटत होती. प्रेमराज म्हणाला, “अगं, बिघडलेली मोटार पण एकदा भरली की चालते. हे तुझं काय आहे?”

“मोटार तुझ्या हातात असते,” ती म्हणाली. “माझं हे रोज कोणीतरी मागून उसवतंय.”

बोलता बोलताच ती थांबली. मागून कोणीतरी उसवतंय. माणूस रोज नेमानं असं करणार नाही. हेसुद्धा एखादं आपोआप चालणारं कामच असणार.

सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या तिनं ती यादी पुन्हा उघडली. एकच ओळ. पण या वेळी ती पडदा वरपासून खालपर्यंत बारकाईनं वाचायला लागली, तेव्हा वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसलं, ‘फक्त माझी कामे’. त्याच्याशेजारी चौकोनात बरोबरची खूण. तिनं खूण काढली. पडद्यावर ओळींची रांग लागली. इतके दिवस ही सगळी कामं तिच्या नाकाखाली चालू होती. त्यात एक होतं: ‘मूळ सेटिंग पुनर्स्थापना’. रोज चालणारं.

‘पाहा’ दाबलं. पावसाळ्यात बसवलेली सेटिंग कुठेतरी पुण्यात जपून ठेवलेली होती आणि हे काम रोज तीच उचलून तिच्या सेटिंगवर पसरत होतं. कोणी चुकून काही बिघडवलं तर आपोआप दुरुस्त व्हावं, म्हणून. ‘बदला’ करडं. ‘थांबवा’ करडं.

कामिनीनं टेबलावर डोकं टेकलं. पुना चावी घ्यायला आला होता, तो दारातच थबकला.

“काय झालं, ताई? डोकं दुखतं का?”

“पुना, तू व्हॉल्व्ह बंद करून घरी गेलास आणि रोज कोणी येऊन तो उघडून ठेवला, तर तू काय करशील?”

पुनानं थोडा विचार केला. “मी ड्यूटी बदलून मागेन,” तो म्हणाला आणि चावी घेऊन गेला.

त्याच्याकडून काही मिळणार नव्हतं. तिनं डोकं उचललं आणि पुन्हा वाचायला बसली. त्या कामाच्या सेटिंगमध्ये काय काय पूर्ववत करायचं ते लिहिलेलं होतं: वेळ, भाग, चक्र, मजकूर. तिनं आपल्या कामाची सेटिंग शेजारी उघडली आणि एकेक रकाना ताडून पाहिला. वेळ परत जाणार, भाग परत जाणार, चक्र परत जाणार. शेवटी एक रकाना उरला, ज्याचं नाव पलीकडे कुठेच नव्हतं: ‘पाठवण्यापूर्वी मंजुरी’. त्यापुढे ‘नको’ असं होतं.

तिनं ‘हवी’ केलं. कोणाची, या प्रश्नापुढे स्वतःचं नाव टाकलं.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला नाही. भाकरी पुऱ्या झाल्या. ताईबाईंनी दोनदा विचारलं, “मोबाईल बंद पडना का?” कामिनीनं पडदा पाहिला: ‘एक सूचना आपल्या मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.’ तिनं ‘नामंजूर’ दाबलं. मग पुनाला फोन करून आज पाणी कुठे सोडणार ते विचारलं आणि त्या भागाचा मेसेज ‘आत्ता पाठवा’ करून स्वतः पाठवला. खरा मेसेज.

त्याच संध्याकाळी ती टेकडीखाली धुरपदाबाईकडे गेली. बाई ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती.

“अक्का, नाव काढलं तुमचं.”

“काढं? बरं करं.” तिनं जुडी बाजूला ठेवली. “मंग आते माले कोन सांगी, पानी कवय येई ते?”

कामिनीला हे सुचलंच नव्हतं. “मी फोन करीन,” ती म्हणाली. “तुमच्याकडे पाणी असलं की मीच करीन.”

धुरपदाबाईनं मान हलवली, चहाचं विचारलं नाही, पण जाताना एक जुडी हातात दिली.

गोष्ट इथं संपली असती तर कामिनीलाही आवडलं असतं. पण जे काम आपोआप व्हायचं, ते आता तिच्या गळ्यात आलं. रोज सकाळी खोटी सूचना नामंजूर करायची, पुनाला गाठायचं, पुना फोन उचलत नसे तर प्रेमराजला स्कूटरवर टाकीकडे पिटाळायचं, मग खरी सूचना पाठवायची. रविवारी तेच, सणाला तेच, अंगात ताप असला तरी तेच. तिनं साहेबांना सांगितलं की हे पुण्याहून कायमचं दुरुस्त करून घ्या, ते ‘मूळ सेटिंग’वालं काम थांबवायला लावा. साहेब म्हणाले, “आता तर व्यवस्थित चाललंय की. एक तक्रार नाही.”

“चालत नाही साहेब, मी चालवते.”

“तेच म्हणतो मी. चांगलं चालवता.”

पहूरला चुलत भावाचं लग्न निघालं. तिनं तीन दिवसांची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, “आणि मेसेज?”

कामिनीनं उत्तर तयार ठेवलं होतं. “मंजुरीसाठी दुसरं नाव टाकता येतं.”

“टाका मग. कोणाचं टाकताय?”

“तुमचं.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. नाही म्हणायला कारण सापडेना. तिनं त्यांच्यासमोरच नाव टाकलं आणि काय करायचं ते नीट समजावलं. आधी नामंजूर, मग पुनाला फोन, मग खरा मेसेज.

“त्यात काय अवघड आहे,” साहेब म्हणाले.

हळदीच्या दिवशी ती पहूरला मांडवात होती, तेव्हा फोन सुरू झाले. पहिला उचलला आणि तिला उमगलं. साहेबांनी सकाळी मोबाइलवर आलेली सूचना पाहिली आणि सवयीनं, सगळ्या कागदांवर सही करतात तसं, ‘मंजूर’ दाबलं होतं. एक अख्खा भाग हंडे मांडून बसला. नेमकं त्या भागात नगराध्यक्षांच्या व्याह्यांचं घर होतं, घरी पाहुणे उतरलेले होते. कामिनीनं या वेळी कोणाची समजूत घातली नाही. “साहेबांना विचारा, हा त्यांचा नंबर,” एवढंच प्रत्येकाला सांगितलं, आणि मग फोन बंद करून आईजवळ ठेवून दिला.

ती परत आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. साहेबांनी त्याच दुपारी पुण्याला थेट कंपनीच्या मोठ्या माणसाला फोन लावला होता, मुख्याधिकाऱ्यांचं नाव घेतलं होतं, आवाज चढवला होता. दोन दिवसांत पुनर्स्थापनेचं काम आणि दर चौथ्या दिवसाचा आपोआप मेसेज, दोन्ही या गावापुरती थांबवली गेली. पुनाच्या फोनवर एक साधं बटण दिलं गेलं. ज्या भागाचा व्हॉल्व्ह उघडेल त्या भागाचा मेसेज त्यानंच पाठवायचा. मेसेजखालचा नंबरही ऑफिसचा झाला. पुनानं कुरकुर केली, पण बटण दाबायला लागला. कधी विसरतो, तेव्हा खिडकीवर माणसं येतात.

“बघा, झालं की नाही?” साहेब म्हणाले. “फॉलोअप ठेवावा लागतो.”

कामिनी केबिनमधून निघाली. आपल्या टेबलाशी आली, खिडकी उघडली. घरी मात्र तिला राग आवरेना.

“झालं ना काम?” प्रेमराज म्हणाला. “मग तोंड का असं?”

“एका फोनचं काम होतं,” ती म्हणाली. “होळीपासून एका फोनचं काम होतं. त्यांनी एकदा अंगावर घेतलं आणि दोन दिवसांत झालं. मी इतके महिने काय करत होते मग?”

ताईबाई आतून म्हणाल्या, “जेवाले बठा आते, गार व्हई ऱ्हायनं.”

ती जेवायला बसली. जेवताना कोणाचा फोन आला नाही, आणि ती पानातला एकेक घास शांतपणे खात असतानाही तिचा राग काही उतरला नव्हता. नव्या वर्षाचा करार सहीला आला, तेव्हा तिनं पहिल्यांदाच तो वाचायला घरी नेला. त्यात एक ओळ आपल्या हातानं वाढवून परत दिली: साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काम सांगू नये. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, आणि मग सही केली.